ओट्याची उंची

आर. के. पुरम, नवी दिल्ली
२० ऑक्टोबर १९९६

परीक्षित,

तुझ्या आईवडिलांच्या, म्हणजे आमच्या शेजारच्या काका-काकूंच्या, मयूर विहारच्या फ्लॅटचं आतलं काम मी घेतलं आहे. फोनवर तुला कळलं असेलच, तरी लेखी असावं म्हणून लिहिते. सोबत प्लॅनची झेरॉक्स आणि रंगांच्या पट्ट्या आहेत. पट्ट्या खिडकीशी धरून उन्हात बघ. ट्यूबलाइटखाली सगळे फिके रंग हिरवट दिसतात आणि मग माणसं आर्किटेक्टला दोष देतात.

काका हौज खासच्या आमच्या ऑफिसात आले ते फोन न करता, सफारी सूट घालून, पेढ्यांचा डबा घेऊन. तू शाळेत असताना ते ज्या सोसायटीचे सभासद झाले, तिचा ताबा एकदाचा मिळाला. माझ्या टेबलासमोर बसून म्हणाले, “मॅडम आर्किटेक्ट, आमचं एक प्रकरण आहे. पुट अप करू का?” माझे बॉस पंजाबी आहेत; त्यांना वाटलं मंत्रालयातून चौकशी आली. त्यांनी चहा मागवला.

हॉल, स्वयंपाकघर, तीन खोल्या. चौथा मजला, पूर्वेला बाल्कनी. सोसायटीने नुसता सांगाडा दिला आहे: भिंतींना गिलावा, जमिनीला कोबा, स्वयंपाकघरात ओटासुद्धा नाही. प्रत्येक सभासदाने आपापलं करून घ्यायचं. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला प्लास्टरची द्राक्षं लावली आहेत. काकूंना ती आवडली आहेत.

काकांनी माझ्या प्लॅनवर पेन्सिलीने शेरे मारून तो परत पाठवला. पहिल्या खोलीवर “स्वतः”. दुसरीवर “पाहुणे”. तिसरी सगळ्यांत मोठी आहे, बाल्कनीची. तिच्यावर “परीक्षित (विवाहोत्तर)” आणि खाली सही, तारीख.

म्हणून तुझ्या पत्राबद्दल लिहावं लागतं आहे. तू ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत कोर्टात लग्न केलंस, तिचं नाव मेलनी, तुम्ही एकाच कंपनीत आहात, आणि तू आता परत येणार नाहीस. हे तू मला कळवलंस, घरी नाही. कारण मी समजूतदार आहे, असं तू लिहिलं आहेस. अभिनंदन. पत्र मिळालं त्या दिवशी मी एका बँकेच्या जिन्याचं ड्रॉइंग करत होते आणि ते मी पूर्ण केलं.

काका जानेवारीअखेर रिटायर होतात. घर लागून ते तिथे राहायला जाईपर्यंत कुणाला कळू नये, अशी तुझी विनंती आहे. मी हो म्हटलेलं नाही. पण मला ज्या खोलीचं काम करायचं आहे, त्या खोलीत कोण राहणार हे मला माहीत आहे आणि ज्यांचं घर आहे त्यांना माहीत नाही, अशा स्थितीत मी याआधी काम केलेलं नाही. खोलीत राहणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या असतात: पलंग एक की दोन, टेबल कुठल्या भिंतीला, रंग कुठला. मी रीतसर विचारते आहे. रीतसर उत्तर दे.

विनया


१७ नोव्हेंबर १९९६

परीक्षित,

तुझं उत्तर आलं नाही. दिवाळीत टपाल तुंबतं, असं मी धरून चालले आहे.

आज काका-काकूंबरोबर रंगांची बैठक झाली. तुमच्याच क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर. शेड कार्ड उघडल्याबरोबर काका म्हणाले, “क्रीम. डाग दिसत नाही, डोळ्यांना खुपत नाही, वादाचा प्रश्न नाही.”

“ह्यांना विचारू नकोस,” काकू म्हणाल्या. “हे फाइलचा पुठ्ठासुद्धा बदलत नाहीत. तीस वर्षं क्रीमच बघतेय मी. सीपीडब्ल्यूडीवाले येणार, बादलीत ढवळणार, फासणार. एकदा म्हटलं, भैया, थोडासा गुलाबी डाल दो. तर म्हणतो, मॅडम, एस्टिमेट में नहीं है.”

“नव्हतंच ते एस्टिमेटमध्ये,” काका म्हणाले.

मग काकूंनी चष्मा पुसला आणि कार्ड हातात घेतलं. परीक्षित, तुझी आई रंग कसे बघते तुला माहीत आहे का? मला नव्हतं. त्या नावं वाचत नाहीत. बोट ठेवत जातात आणि म्हणतात, हे शिळं वरण, हा खिचडीतला साबुदाणा, हे करपलेलं तूप, हा अंजिराचा आतला. नाव इंग्रजीत काहीही असो, त्यांचं वर्णन जास्त अचूक असतं. मी पेन्सिलीने बाजूला लिहून घेतलं. हॉलला त्यांनी सायीचा पिवळा निवडला आणि एका भिंतीला अंजीर. काकांनी पट्टीच्या मागे लिहिलं, “अंजिराबाबत चर्चा करावी.” चर्चा लगेचच झाली आणि काका हरले.

तिसऱ्या खोलीच्या वेळी काकूंनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. “तुला कुठला आवडतो?”

मी म्हटलं, “काकू, मला विचारून काय उपयोग? राहणार तुम्ही.”

त्या हसल्या आणि काकांकडे बघितलं. काकांनी पेपर उघडला. मी विषय बदलला.

तेवढ्यात तुझा रविवारचा फोन आला. काकू उभ्या राहून, ओरडून बोलतात, अमेरिका लांब आहे म्हणून. “अरे, विनया आलीय, रंग चाललेत, तुझ्या खोलीला कुठला?” तू म्हणालास, निळा. फोन ठेवल्यावर त्यांनी दोनदा सांगितलं, “निळा म्हणाला. लहानपणापासून त्याला निळाच.”

कार्डावर निळ्यांची दोन पानं आहेत. कुठला निळा, हे तू सांगितलं नाहीस. आणि तुला निळा कधीच आवडत नव्हता. शाळेचा स्वेटर निळा होता, तो तू दर हिवाळ्यात बसमध्ये विसरायचास.

मी तिसऱ्या खोलीच्या भिंतीवर तीन निळ्यांचे नमुने लावून घेणार आहे, हातभर चौकोन. आता ते विचारतील, की परीक्षितला यातला कुठला. मी काय सांगू ते कळव.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. पुण्याचे तात्याराव, काकांचे थोरले भाऊ, त्यांच्या कोथरूडच्या घरावरचा मजला यांना राहायला देत होते. काकूंना जायचं होतं. त्यांची बहीण तिथेच आहे. काकांनी नकार कळवला. कारण: “परीक्षितला नोएडात नोकरी मिळेल. आता मोठमोठ्या कॉम्प्युटर कंपन्या तिकडेच येतायत. पुण्यात काय आहे?” काकूंनी ते मान्य केलं. म्हणजे हा फ्लॅट कुठे आहे, हेसुद्धा तुझ्यामुळे ठरलं आहे. रंग तर पुढची गोष्ट झाली.

विनया


८ डिसेंबर १९९६

परीक्षित,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. “सगळं छान चाललंय, तू आहेस म्हणून काळजी नाही.” पलंगाबद्दल त्यात काही नाही.

आज स्वयंपाकघराची मापं घेतली. जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

ओट्याची उंची ठरवायची एक साधी रीत आहे. जी बाई स्वयंपाक करणार, तिला अनवाणी उभं करायचं, पोळी लाटताना असतो तसा हात कोपरात दुमडायचा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून सहा इंच वजा करायचे. काकू चार फूट अकरा इंच आहेत. त्यांचा ओटा एकतीस इंच यायला हवा. तुमच्या सरकारी क्वार्टरमधला चौतीस आहे, म्हणून त्या इतकी वर्षं पाटावर उभं राहून पोळ्या लाटतात. तो पाट तुला आठवत असेल, एका बाजूने झिजलेला. लहानपणी आपण तो उलटा करून गाडी करायचो आणि काकू ओरडायच्या की माझी उंची परत करा.

मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. मी टेप काढली, तर त्या बाजूला झाल्या.

“माझं नको. तुझं घे.”

“काकू, ओटा तुमच्यासाठी आहे.”

“माझं काय, मी पाट नेईन. सवय आहे. तुम्हा उंच मुलींची वाकून वाकून पाठ धरते. कुमुदची बघ ना कशी धरली.”

कुमुद म्हणजे माझी आई. ती तिथेच होती, खिडकीतून सोसायटीचं उद्यान बघत होती, जिथे अजून उद्यान नाही. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मिस्त्री पेन्सिल कानामागून काढून उभा. “तो मैडम, नाप किसका लिखूँ?”

“इन्हीं का लिखिये,” काकू म्हणाल्या. “बहू का किचन है.”

हिंदीत म्हणाल्या. घरात कुणीही उच्चारलेलं नाही ते त्यांनी मिस्त्रीला हिंदीत सांगितलं, आणि मग मराठीत मला म्हणाल्या, “चप्पल काढ गं, नीट माप येऊ दे.” मी चप्पल काढली. मिस्त्रीने मोजलं, सहा वजा केले. छत्तीस इंच.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, हे काय चाललं आहे.

“काय चाललंय म्हणजे? तुला आत्ता कळलं?” ती म्हणाली. “तू काय नाही म्हणणार आहेस का?”

“मला कुणी विचारलेलं नाही.”

“विचारलं नाही कसं? वृंदाकाकूने रंग विचारला ना तुला? कपाट किती उंच हवं, ते विचारलं. आमच्या वेळी तेवढंही विचारत नव्हते.”

मी आठवून बघितलं. बरोबर आहे. आरसा कुठल्या उंचीवर, बाल्कनीत झोपाळा हवा की तुळस, देव्हारा स्वयंपाकघरात चालेल का. मी प्रत्येक वेळी आर्किटेक्ट म्हणून उत्तर देत होते. त्या दोघी दर वेळी दुसरंच काही ऐकत होत्या. कामात असा घोटाळा मी कधी केला नव्हता.

आईला मी तुझ्याबद्दल सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर काकूंना कळायला एक जिना उतरायचा आणि एक चढायचा, एवढाच वेळ लागला असता. आणि हे काकूंना तुझ्या आधी माझ्या आईकडून कळणं बरोबर नाही.

ओटा अजून घातलेला नाही. आधी भिंतीतले नळ, मग फरशी, मग ओटा. तोपर्यंत वेळ आहे. हे वाक्य मी धीर देण्यासाठी लिहीत नाही, मुदत कळवण्यासाठी लिहिते.

विनया


१२ जानेवारी १९९७

परीक्षित,

तुझं पत्र दोनदा वाचलं. समजण्यात चूक झाली असेल, असं पहिल्यांदा वाटलं.

तुझा प्रस्ताव असा: आता आयांच्या मनात काय आहे हे आपल्या दोघांनाही कळलं आहे, तर मीच नाही म्हणावं. मला इतक्यात लग्न करायचं नाही, करिअर करायचं आहे, असं सांगावं. म्हणजे त्यांची अपेक्षा आपोआप मावळेल, थोडी नाराजी होईल, ती निवळेल, आणि मग पुढेमागे तू तुझं सांगशील तेव्हा धक्का कमी बसेल. “तू नाही म्हटलंस तर ते समजून घेतील. मी म्हटलं तर बाबा कोसळतील.”

न विचारलेल्या प्रश्नाला नकार कसा देतात, याचा एक नमुना पाठव. मी त्यावरून लिहून काढीन.

तू इंजिनिअर आहेस, म्हणून तुझ्या भाषेत सांगते. एका खांबावरचा भार काढून दुसऱ्यावर टाकला की इमारतीवरचा भार कमी होत नाही. दुसरा खांब मुळात त्यासाठी घातलेला नसतो, इतकंच.

इथे धुकं आहे. सकाळी निजामुद्दीनच्या पुलावर पुढच्या बसचा लाल दिवाही दिसत नाही. या दिवसांत भिंती वाळत नाहीत, म्हणून रंग मार्चपर्यंत थांबवला आहे. तिसऱ्या खोलीतले निळ्याचे तीन चौकोन मात्र आहेत. काका दर रविवारी स्कूटरवरून जातात, मफलर गुंडाळून, आणि त्या चौकोनांसमोर उभे राहतात. परवा मला विचारलं, “मॅडम, यातला मधला जरा उदास नाही वाटत? नव्या जोडप्याच्या खोलीला?” मी म्हटलं, वाळल्यावर उजळेल. तो केव्हाच वाळलेला आहे.

माझ्या कामात चुका होऊ लागल्या आहेत. तिसऱ्या खोलीचं दार मी उलटं काढलं. ते उघडलं की कपाटावर आपटेल. पहिल्या वर्षाची मुलगी असली चूक करते. सुताराने विचारलं म्हणून कळलं. तेव्हापासून मी प्रत्येक माप दोनदा घेते, आणि दोन्ही वेळा तेच आलं तरी बरं वाटत नाही. काकूंच्या घराची बेल वाजवण्यापूर्वी मी जिन्यात थांबते आणि आज काय बोलायचं नाही, ते मनात म्हणून घेते. तुला याचा अंदाज यावा म्हणून लिहिते, सहानुभूतीसाठी नाही.

तू गेलास त्या वर्षी पालमच्या विमानतळावर, सगळे तुझ्या बॅगांभोवती उभे असताना, तू मला म्हणाला होतास, “परत आलो की घर तुझ्याकडूनच करून घेणार.” असली वाक्यं विमानतळावर बोलली जातात. मी त्यावर काही बांधलेलं नाही. बाकीच्यांनी बांधलं.

ओटा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बसेल. ग्रॅनाइटची लादी एकदा बसली की काढताना फुटते. त्याच्या आत घरी सांग. मला नव्हे, त्यांना.

विनया


३ फेब्रुवारी १९९७

परीक्षित,

काका शुक्रवारी रिटायर झाले. ऑफिसात निरोप समारंभ झाला; घड्याळ, शाल, समोसे. आम्ही सगळे गेलो होतो. भाषणात ते म्हणाले की सरकारने आजवर दिलेल्या घरात राहिलो, आता मुलाच्या घरात राहणार. टाळ्या पडल्या. फ्लॅट त्यांच्याच नावावर आहे, हे तिथे मला एकटीलाच खटकलं असावं.

काल तुझा फोन आला होता. काकू म्हणाल्या, “तिकडे बर्फ पडलाय म्हणे, गाडी अडकली होती त्याची.” बाकी काही नाही म्हणाल्या. म्हणजे तू बाकी काही बोलला नाहीस.

क्वार्टर मेअखेर सोडायचं आहे. मिस्त्री लादी आणायला गेला आहे.

विनया


२० फेब्रुवारी १९९७

परीक्षित,

ओटा मंगळवारी बसला. आज काका-काकू बघायला आले.

काका खालीच सोसायटीच्या सेक्रेटरीशी पाण्याच्या टाकीवरून भांडायला थांबले. काकू एकट्या वर आल्या, धापा टाकत, हातात कापडी पिशवी. मी आणि सुतार तिसऱ्या खोलीत दाराची बिजागरी बदलत होतो. त्यांनी हाक मारली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी मागून गेले तेव्हा त्यांनी पिशवीतून पाट काढला होता. तोच. ओट्यासमोर जमिनीवर ठेवला, सिमेंट लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं, आणि त्यावर चढल्या.

ओटा त्यांच्या मांड्यांशी आला. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात अधांतरी.

मग खाली उतरल्या. पाट पायाने बाजूला सारला. दोन्ही तळवे दगडावर ठेवले.

“विनया, हे चुकलं का?”

“नाही.”

“मिस्त्रीने चुकवलं?”

“नाही काकू. माप मी दिलं. तुमचं.”

“मी तुझं घे म्हटलं होतं.”

“इथे स्वयंपाक तुम्ही करणार आहात.”

मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एवढंच बोलले. सुतार बाहेर पॉलिश पेपरने दार घासत होता, त्याचा आवाज येत होता. काकूंनी नळ उघडला. पाणी अजून जोडलेलं नाही. त्यांनी तो परत बंद केला, घट्ट, जसा गळणारा नळ करतात.

“तो येणार नाही?”

“हे त्याने तुम्हाला सांगायला हवं.”

“ते मी विचारलं नाही.”

“नाही येणार.”

“कुणी आहे का तिकडे?”

मी होकारार्थी मान हलवली.

“लग्न केलं?”

मी पुन्हा मान हलवली. नाव त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ते तुझ्यासाठी ठेवलं आहे.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“ऑक्टोबरपासून.”

त्या हिशोब करत होत्या. मला दिसत होतं. “म्हणजे आपण रंग बघत होतो तेव्हा...”

“हो.”

“मी तुला खोलीचा रंग विचारला. आणि तू सांगितलास.”

नोव्हेंबरच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की मी विषय बदलला. ते पूर्ण खरं नाही. आधी मी एका रंगावर बोट ठेवलं होतं. फिका हिरवा. काकू म्हणाल्या, ओली बडीशेप. मी म्हटलं, हो, तोच. तेव्हा तुझं पत्र येऊन महिना उलटला होता आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. तरी मी बोट ठेवलं. का ठेवलं, याचं स्पष्टीकरण मी काकूंना दिलं नाही आणि तुलाही देत नाही. त्यानंतर तुझा फोन आला आणि खोली निळी झाली.

मला वाटलं काकू आता रागावतील. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या, “कुमुदला माहीत आहे?”

“नाही.”

“बरं केलंस. तिला मी सांगेन.” मग नळावरचा हात काढत, “तूसुद्धा हे एकटीच वागवत होतीस म्हणजे.”

मी म्हटलं, “फरशीला उतार बरोबर आला आहे का, ते बघायचं आहे,” आणि खाली वाकले. उतार बरोबर आहे.

मी वर बघितलं तेव्हा त्या ओट्यावर पोळी लाटत होत्या. म्हणजे पोळपाट नाही, लाटणं नाही, नुसते हात पुढेमागे. खांदे न उचलता. दोनतीनदा करून थांबल्या.

“बरोबर आहे गं,” म्हणाल्या. “हे असं असतं होय?”

तेवढ्यात काका आले. टाकीचं भांडण जिंकून आले होते, खुशीत होते. “काय म्हणतो आमचा प्रकल्प?” आणि दारातच थबकले. “इतका बुटका? मॅडम, हे मंजूर नकाशाप्रमाणे नाही. छत्तीसवर सही आहे माझी.”

“माझ्या मापाचा आहे,” काकू म्हणाल्या.

“ते दिसतंय. पण उद्या सूनबाई आल्यावर? तिला कंबरेत वाकून—”

“चला. पुलावर गर्दी होईल.”

“अहो, पण—”

“चला म्हणते ना.”

काका माझ्याकडे वळले. “यावर चर्चा करावी लागेल,” ते म्हणाले, पण हसून. त्यांना अजून काही माहीत नाही. रिटायर होऊन तीन आठवडे झाले आहेत आणि ते रोज नऊ वाजता बूट घालून बसतात.

निघताना काकू तिसऱ्या खोलीत डोकावल्या. निळे चौकोन बघितले. मला म्हणाल्या, “हे घासून टाक. आणि ती बडीशेप लाव.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. “तू म्हणालीस म्हणून नाही. मला आवडला होता तो. दुपारी इथे ऊन येतं. मी पडेन वाचत. पलंग एक पुरे.”

म्हणजे ऑक्टोबरमध्ये मी तुला विचारलेल्या तीन गोष्टींपैकी दोहोंचा निर्णय झाला. टेबल मी माझ्या अंदाजाने खिडकीशी देते आहे. तुझ्या उत्तराची आता गरज नाही. पट्ट्या परत पाठवू नकोस. शेड कार्ड दर वर्षी नवं निघतं.

पाट काकू विसरल्या. की ठेवून गेल्या, मला सांगता येणार नाही. मी तो सुताराला दिला. रंगवाला येईल तेव्हा त्याला वरच्या कोपऱ्यांसाठी लागेल.

जिन्यात काका पुढे गेल्यावर काकूंनी मला एक गोष्ट तुला कळवायला सांगितली. हे पत्र तुला मिळेल त्यानंतरच्या रविवारपासून त्या फोन उचलणार नाहीत. काकांना उचलू देणार आहेत. काका आधी ओट्याची तक्रार करतील. फार खाली झाला आहे, सुनेची पाठ धरेल, म्हणतील. त्यांना मध्ये तोडू नकोस, पुरतं बोलू दे. मग तू बोल.

विनया